‘दा विंची कोड’ : वाद कादंबरीचा की एका पानाचा?

डॅन ब्राउन या अमेरिकन लेखकाची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा तिच्या वाचकांत जे तट पडले, ते इतक्या वर्षांनंतरही बुजलेले नाहीत. परप्रांतांतील मराठी मंडळांच्या वाचनालयांत इंग्रजी पुस्तकांचे कपाट बहुधा कुलूपबंद असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे चिटणिसांनाही आठवत नाही. या एका कादंबरीची प्रत मात्र हातोहात फिरून खिळखिळी झालेली आढळते. तिचा मराठी अनुवादही झाला आहे आणि तोही तितक्याच आवडीने वाचला गेला. तेव्हा या वादात आपल्या वाचकांनी काय भूमिका घेतली आणि ती कितपत सयुक्तिक आहे, याचा विचार या पानांत करणे अप्रस्तुत होणार नाही.

ऐकू येणारी मते साधारणतः तीन प्रकारची आहेत. पहिला वर्ग म्हणतो, ‘कादंबरी आहे, एका रात्रीत वाचून काढली, करमणूक झाली. कल्पित गोष्टीवर रागावायचे ते काय?’ दुसरा वर्ग म्हणतो, ‘कोट्यवधी लोक ज्याला ईश्वराचा पुत्र मानतात, त्याचे लग्न लावून देऊन त्याला मुलेबाळे चिकटविणे ही विटंबना आहे. उद्या आपल्या दैवताविषयी कोणी असे लिहिले तर?’ हे दोन्ही पक्ष आपल्या ओळखीचे आहेत. पण तिसराही एक वर्ग आहे. तो रागावत नाही आणि नुसती करमणूक झाली असेही म्हणत नाही. तो आवाज खाली आणून सांगतो, ‘आता खरे काय ते कळले. दोन हजार वर्षे चर्चने हे दडवून ठेवले होते.’ आमच्या मते या कादंबरीच्या परीक्षणात खरा विचार व्हावयास हवा तो या तिसऱ्या वाचकाचा. तो अडाणी नाही. तो पदवीधर आहे, वर्तमानपत्रातील बातमी दोनदा पारखून घेणारा आहे. मग कादंबरी वाचून इतिहास कळला, असे त्याला का वाटावे?

कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे. पॅरिस येथील लूव्र संग्रहालयाचा प्रमुख जाक सोनिएर याचा रात्री संग्रहालयातच खून होतो. मरता मरता तो काही सांकेतिक खुणा मागे ठेवतो. हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन आणि सोनिएरची नात सोफी या खुणा उलगडीत पळत सुटतात, आणि त्यांच्या मागे पोलीस, तसेच ‘ओपुस देई’ या कॅथलिक संघटनेचा सायलस नावाचा एक संन्यासी लागतो. उलगडत जाणारे रहस्य असे : ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनातील ज्या पात्राचा, म्हणजे ‘होली ग्रेल’चा, युरोपने शतकानुशतके शोध घेतला ते पात्र नव्हेच, ती मेरी मॅग्डालेन. ती ख्रिस्ताची पत्नी होती. तिचा वंश फ्रान्समधील मेरोव्हिंजियन राजकुलात मिसळला. ‘प्रायरी ऑफ सायन’ नावाची गुप्त संस्था तो वंश आणि ते सत्य सांभाळीत आली. लिओनार्दो तिचा एक अध्वर्यू होता, आणि मिलानच्या मठातील ‘अखेरचे भोजन’ या भित्तिचित्रात ख्रिस्ताशेजारी त्याने जी कोवळी, बिनदाढीची आकृती रंगविली ती योहानाची नसून मेरीची आहे. (जाता जाता : ‘दा विंची’ हे त्या चित्रकाराचे आडनाव नव्हे, ‘विंची गावचा’ एवढाच त्याचा अर्थ. कलेतिहासाच्या अभ्यासकांना ही चूक खटकली. निम्मी आडनावे गावावरून घेतलेल्या आपल्या लोकांना ‘विंचीकर’ काही खटकला नाही.)

रहस्यकथा या नात्याने ग्रंथ उतरला आहे यात शंका नाही. एकशे पाच लहान लहान प्रकरणे, आणि बहुतेक प्रकरणांच्या शेवटी दार उघडण्यापूर्वी पडदा टाकावयाचा, ही युक्ती जुनी असली तरी ब्राउनच्या हातात ती चालते. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला हे कसब नवीन नाही. पात्रे मात्र पातळ आहेत. लँग्डनला विद्वत्ता आहे, स्वभाव नाही. सोफी फ्रेंच पोलिसांतील सांकेतिक लिपीची तज्ज्ञ. पण ग्रंथाच्या मध्यभागी, सर ली टीबिंग या लंगड्या इंग्रज सरदाराच्या वाड्यात, तिला एकाएकी काहीच माहीत नसलेल्या श्रोत्याची भूमिका पत्करावी लागते. रात्रीचा समय, मागे मारेकरी, आणि दोन विद्वान आळीपाळीने निरूपण करीत आहेत! कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण बुवा करतात ते उत्तररंगातील आख्यान ठसावे म्हणून. येथे उलटे आहे : आख्यानाच्या ओढीने बसलेल्या श्रोत्याच्या गळी निरूपण उतरविले आहे. घाईत असलेला वाचक निरूपण तपासून पाहत नाही. त्याला पुढचे दार उघडावयाचे असते.

एवढ्यावर भागले असते तर पहिल्या वर्गाचे म्हणणे मान्य करून आम्ही लेखणी खाली ठेवली असती. पण कादंबरी सुरू होण्यापूर्वी एक पान आहे. त्याचा मथळा आहे ‘फॅक्ट’, म्हणजे ‘वस्तुस्थिती’. प्रायरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी संस्था आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तिचे गुप्त दस्तऐवज सापडले असून त्यांत तिच्या सभासदांची नावे आहेत. आणि या कादंबरीतील कलाकृती, वास्तू, दस्तऐवज व गुप्त विधी यांची वर्णने यथातथ्य आहेत, असे लेखक त्या पानावर बजावतो. आमचा आक्षेप या पानावर आहे. टीकाकारांनी चुका दाखविल्या की लेखकाचे कैवारी म्हणतात, ‘ही कादंबरी आहे.’ पुस्तक खपवावयाचे असते तेव्हा मात्र हे पान पुढे होते. अर्नाळकरांनी ‘काळापहाड’ मुंबईत अमुक पत्त्यावर राहतो आणि महानगरपालिकेच्या दप्तरी त्याची नोंद आहे, असे कधी प्रारंभी छापले नाही. त्यांच्या वाचकाला आपण कोणत्या घरात शिरतो आहोत हे उंबरठ्यावरच ठाऊक असे.

आता त्या पानाची वस्तुस्थिती काय ते पाहू. प्रायरी ऑफ सायन या नावाची संस्था फ्रान्समध्ये नोंदली गेली ती १९५६ साली, पिएर प्लांतार नावाच्या एका महत्त्वाकांक्षी गृहस्थाकडून. आपण प्राचीन राजवंशाचे वारस आहोत असे भासविण्याचा त्याला छंद होता. ‘गुप्त दस्तऐवज’ म्हणून जे कागद राष्ट्रीय ग्रंथालयात आढळले, ते त्याच्याच मंडळींनी १९६० नंतरच्या दशकात तयार करून तेथे दाखल केले होते. त्याच्या फिलिप द शेरिसे या सहकाऱ्याने जुन्या चर्मपत्रांच्या नकला रचल्या. १९९३ साली एका न्यायिक चौकशीत प्लांतारला शपथेवर हे सारे रचलेले असल्याचे मान्य करावे लागले. म्हणजे कादंबरी बाहेर पडण्यापूर्वी दहा वर्षे हा विषय निकालात निघाला होता.

आमच्यासारख्या सरकारी दप्तरात आयुष्य घालविणाऱ्यांना यात नवल वाटू नये, पण वाटले, हेच नवल. आवक बारनिशीत कागदाची नोंद झाली, त्यावर शिक्का व क्रमांक पडला, म्हणजे तो कागद अमुक तारखेला कचेरीत आला एवढेच सिद्ध होते. त्यातील मजकूर खरा ठरत नाही, हे कनिष्ठ लिपिकालाही पहिल्या आठवड्यात शिकविले जाते. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली कोणतेही मंडळ आपल्या घटनेत आपली परंपरा सम्राट अशोकापर्यंत नेऊ शकते. निबंधक ती नोंदून घेईल, तिची शहानिशा करणार नाही. असे असता ‘राष्ट्रीय ग्रंथालयात कागद सापडले’ एवढ्या शब्दांवर आपल्यातील कित्येकांनी मान डोलाविली. ग्रंथालय पॅरिसचे होते म्हणून की काय कोण जाणे!

इतर ‘वस्तुस्थिती’चीही अवस्था अशीच आहे. लूव्रच्या अंगणातील काचेच्या पिरॅमिडात ६६६ तावदाने आहेत, असे कादंबरी सांगते. प्रत्यक्षात ती ६७३ आहेत. पण ६६६ हा बायबलातील श्वापदाचा अंक, म्हणून तो सोयीचा. ओपुस देई ही संघटना १९२८ साली स्पेनमध्ये स्थापन झाली. तिच्यात संन्यासी मठवासी नसतातच, तेव्हा सायलसची कफनी मुळातच चुकीची. ३२५ साली निकेया येथे भरलेल्या धर्मसभेत थोड्या मताधिक्याने ख्रिस्ताला देव ठरविण्यात आले आणि शुभवर्तमाने निवडण्यात आली, असे टीबिंग सांगतो. निकेयात वाद झाला तो पुत्राचे देवत्व पित्याच्या देवत्वाशी कोणत्या नात्याचे, याविषयी. एरियसचा पक्ष घेऊन अखेरपर्यंत अडून बसलेले बिशप दोनच होते. शुभवर्तमाने निवडण्याचे काम त्या सभेने केलेच नाही. नव्या करारातील आजच्या सत्तावीस पुस्तकांची यादी आढळते ती ३६७ सालच्या अथानेसियसच्या पत्रात.

सर्वांत उद्बोधक आहे तो फिलिपच्या शुभवर्तमानाचा दाखला. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे सापडलेल्या पोथ्यांत हा ग्रंथ आहे. मेरी मॅग्डालेन ही येशूची सहचरी होती व तो तिचे चुंबन घेत असे, असा मजकूर त्यात आहे. टीबिंग सांगतो की मूळ अरामी भाषेत ‘सहचरी’ म्हणजे पत्नीच. पण ही पोथी अरामी नाही, कॉप्टिक आहे. शब्द ग्रीकमधून आलेला आहे आणि त्याचा अर्थ सोबती, भागीदार असाही होतो. चुंबन कोठे, हे सांगणारा शब्द तर पोथीतून नाहीसा झाला आहे. नेमक्या त्याच जागी पान फाटलेले आहे! कादंबरीकाराने ते भोक स्वतःच्या शब्दाने बुजविले. पाठभेदांचा आपल्याला काही अनुभव आहे. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे, रंगभूमीवर आणि पडद्यावर पाहिले आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित महाभारतात ते नाही. तरी त्या एका वाक्यावरून द्रौपदीला युद्धाचे कारण ठरविणारे कमी नाहीत.

ब्राउनने हे सर्व स्वतः शोधले असेही नाही. ‘होली ब्लड अँड द होली ग्रेल’ या १९८२ सालच्या ग्रंथात ही उपपत्ती आली होती. तिच्या तीन लेखकांपैकी बेजंट व ली या दोघांनी लंडनच्या न्यायालयात ब्राउनच्या प्रकाशकांविरुद्ध दावा लावला आणि २००६ साली ते हरले. इतिहास म्हणून मांडलेली कल्पना दुसऱ्याने कादंबरीत वापरली तर ती चोरी होत नाही, असा त्या निकालाचा साधारण रोख. (‘ली टीबिंग’ या नावात ‘ली’ जसेच्या तसे आहे आणि ‘बेजंट’ची रोमन अक्षरे उलटसुलट केलेली आहेत; न्यायमूर्तींनीही निकालपत्रात एक सांकेतिक संदेश दडवून आपली हौस भागवून घेतली!) याच सामग्रीवर उंबेर्तो एको यांनी १९८८ साली ‘फुकोचा लंबक’ ही कादंबरी लिहिली होती. तीत तीन प्रकाशनव्यावसायिक गंमत म्हणून असाच एक महाकट रचतात, आणि त्यावर विश्वास ठेवणारे लोक त्यांच्या जिवावर उठतात. डॅन ब्राउन हे आपल्याच कादंबरीतले एक पात्र आहे, असे एको पुढे विनोदाने म्हणाले. त्यांची कादंबरी आमच्या वाचनालयांतून फारशी फिरलेली नाही. ती अवघड आहे हे खरे. पण तिच्यात वाचकाला शहाणे समजले आहे.

आता दुसऱ्या वर्गाकडे वळू. लेबनॉनने २००४ साली पुस्तकावर बंदी घातली. २००५ साली जिनोआचे आर्चबिशप कार्डिनल बेर्तोने यांनी ते वाचू नये, विकत घेऊ नये, असे आवाहन केले. आपल्या देशात पुस्तकाने झाले नाही ते २००६ साली त्यावरील चित्रपटाने झाले. मुंबईत कॅथलिक मंडळींनी निदर्शने केली. केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्र्यांनी ख्रिस्ती धर्मगुरूंसमवेत चित्रपट पाहिला. परिनिरीक्षण मंडळाने ‘हे कल्पित आहे’ असा खुलासा जोडून प्रौढांसाठी तो संमत केला. तरीही गोवा, नागालँड, पंजाब, तमिळनाडू, आंध्र प्रदेश या राज्यांनी त्यावर बंदी घातलीच. त्यांपैकी आंध्रची आणि तमिळनाडूची बंदी उच्च न्यायालयांनी रद्द ठरविली. पुस्तक त्या काळातही दुकानांत मिळत होते. वाचणाऱ्याच्या भावना पाहणाऱ्यापेक्षा कमी दुखावतात, असा काही प्रशासकीय सिद्धांत त्यामागे असावा.

बंदी आम्हांस मान्य नाही. परंतु ‘कल्पित गोष्टीवर काय रागवायचे’ असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांना एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. आनंद यादव यांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी निघाली, तिच्यातील तुकोबांच्या तारुण्याच्या चित्रणाने वारकरी दुखावले, यादवांना क्षमा मागून पुस्तक मागे घ्यावे लागले आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडावे लागले, त्या वेळी ही मंडळी कोणत्या बाजूला होती? आम्ही पाहिले ते असे, की ख्रिस्ताच्या लग्नाला हसणारे कित्येक जण तुकोबांच्या बाबतीत गंभीर झाले. ‘ते वेगळे’ असे त्यांनी सांगितले. वेगळे होतेही, पण त्यांना वाटत होते त्या दृष्टीने नव्हे. यादवांनी आपल्या कल्पनेपुढे ‘वस्तुस्थिती’चे पान जोडले नव्हते. ज्याने कादंबरीला कादंबरी म्हटले त्याला आपण क्षमा मागावयास लावली, आणि ज्याने कादंबरीला दाखला जोडला त्याचे पुस्तक आपण एकमेकांना भेट दिले. परक्याच्या दैवताविषयीची आपली उदार वृत्ती बरीचशी अज्ञानाची असते. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत, ओवीत छापले गेले. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. येशूचे चरित्र आपल्या भाषेत चारशे वर्षे आहे. आपल्यातील बहुतेकांना ते प्रथम भेटले ते मात्र डॅन ब्राउनच्या सौजन्याने.

येशूच्या विवाहाची कल्पना साहित्यात निषिद्ध असावी, असे आमचे म्हणणे नाही. ग्रीक कादंबरीकार काझांतझाकीस यांच्या ‘अखेरचा मोह’ या कादंबरीत क्रुसावर खिळलेल्या येशूला संसाराचे स्वप्न पडते. मॅग्डालेनशी विवाह, मग घर, मुले, म्हातारपण, सारे काही. रोमने १९५४ साली ती कादंबरी निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातली. ती सूचीच १९६६ साली रद्द झाली, कादंबरी टिकली. कारण तेथे विवाह हा एका जिवाच्या अंतरंगातील झगडा आहे; ज्याने संसार नाकारला त्याला तो नाकारताना काय द्यावे लागले, हे लेखकाला पाहावयाचे आहे. आपल्या संतचरित्रांतील प्रपंच आणि परमार्थ यांच्या ओढाताणीशी परिचित असलेल्या वाचकाला ती कादंबरी परकी वाटणार नाही. ब्राउनच्या कादंबरीत येशूच्या मनात डोकावण्याची कोणाला सवडच नाही. तेथे विवाह म्हणजे पेटीत बंद केलेला एक कागद.

स्त्रीत्वाला तिचे हिरावलेले स्थान परत मिळवून देण्याचा या ग्रंथाचा दावा आहे आणि अनेक वाचकभगिनींना तो भावलाही आहे. त्यात तथ्याचा अंश आहे. ५९१ साली पोप पहिला ग्रेगरी याने आपल्या प्रवचनात मेरी मॅग्डालेन आणि लूकच्या शुभवर्तमानातील अनामिक पापी स्त्री एकच मानली, आणि तेव्हापासून पश्चिमेच्या चित्रांत व कथांत ती पश्चात्तापदग्ध पतिता होऊन राहिली. शुभवर्तमानांत तसे कोठेही म्हटलेले नाही. रोमने १९६९ साली पंचांग सुधारताना ही गल्लत दूर केली; २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीच्या सणाचा दर्जा मिळाला. अन्याय खरा होता. पण ब्राउन त्याचे परिमार्जन करतो ते कसे? पतितेची तो पत्नी करतो. तिच्या उदराला राजबीजाचे पात्र म्हणतो. तिचे महत्त्व तिने कोणाला जन्म दिला त्यात. तिच्या तोंडी एकही विचार नाही. १८९६ साली कैरोत मिळालेल्या मेरीच्या शुभवर्तमानात ती शिष्यांना उपदेश करते, पीटर तिच्यावर शंका घेतो आणि लेवी तिची बाजू घेतो. तेथे भांडण आहे ते तिच्या ज्ञानाच्या अधिकाराचे. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांचा अधिकार ज्या भाषेत सिद्ध झाला त्या भाषेच्या वाचकाने हा फरक चटकन ओळखावयास हवा होता. जनाबाईचा वंशज दाखवा म्हणजे तिचे अभंग मोठे मानू, असे पंढरपुरात कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. वंश, रक्त, गादी यांना आपण व्यवहारात इतके भुललेलो आहोत, की देवत्वही रक्तातून उतरते हा विचार नवा आणि बंडखोर म्हणून आपल्यापुढे ठेवला गेला, तरी त्यातला जुना दरबारी वास आपल्या नाकाला लागला नाही.

ग्रंथाचा शेवट मात्र आम्हांस आवडला, हे नमूद केले पाहिजे. सर्व खुणा उलगडून झाल्यावर एका रात्री लँग्डन पुन्हा लूव्रपाशी येतो. जमिनीखालच्या उलट्या पिरॅमिडाजवळ त्याला उमगते की मेरीची समाधी येथेच असावी. तो खणत नाही, कोणाला बोलावीत नाही, पुरावा मागत नाही. हार्वर्डचा हा प्राध्यापक गुडघे टेकतो आणि भुईतून एका स्त्रीचा आवाज येत असल्याचा भास त्याला होतो. पहिल्या पानावर ज्याने दाखले हुजूर केले, त्याच लेखकाला शेवटच्या पानावर त्यांची गरज भासलेली नाही.